बसायला जागा आहे का?

आईचे दोन्ही गुडघे कामातून गेले त्याला आता पाच वर्षं होतील. तेव्हापासून घरात कसलंही बोलावणं आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "बसायला जागा आहे का?" लग्न, बारसं, हळदीकुंकू, कशालाही. मागे एकदा मयताला निघताना चपला घालता घालता हेच विचारलंन आणि मग स्वतःच जीभ चावली.

डिसेंबरात भावाकडे बंगळुरूला जायचं ठरलं तेव्हा विमानतळाबद्दलही तेच. मी म्हटलं, "अगं, व्हीलचेअर सांगून ठेवलीय." झालं. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. ३१ वर्षं वर्गात उभं राहून फळ्यावर चित्रं काढलेली बाई, तिला ढकलत न्यायचं म्हणजे काय! आई कोल्हापूरची. तिथेच ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला, लग्न होऊन मध्य रेल्वेवरच्या आमच्या गावात आली आणि निवृत्त होईपर्यंत एकाच शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली तिची पोरं आज पन्नाशीला आलीत आणि रस्त्यात भेटली की अजून स्मरणचित्राचे मार्क सांगतात.

तर टर्मिनल दोनच्या दारात ती खुर्चीत बसली, पर्स पोटाशी धरून, कुणाकडे न बघता. खुर्ची ढकलायला आलेला मुलगा विशीतला, नालासोपाऱ्याहून येणारा. तो "आजी, पाय वर घ्या" म्हणाला तरी हिचं तोंड फिरवलेलंच. मी चेक-इनच्या रांगेत बॅगांचं वजन मनात मोजत होते. वळून पाहते तर आईची मान मागे टेकलेली आणि तोंड किंचित उघडं. माझ्या पोटात गोळाच आला. जवळ गेले तर म्हणाली, "वर बघ."

मी या टर्मिनलमधून सात-आठ वेळा तरी गेले असेन. छत कधी पाहिलं नव्हतं. आपलं लक्ष कायम समोर, काउंटरच्या नंबरावर नाहीतर पुढच्या माणसाच्या ट्रॉलीवर. खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र समोर फक्त लोकांच्या पाठी दिसतात, म्हणून त्याची नजर वर जाते. वर गेली आणि तिला मोर सापडला. ते पांढरे खांब बघा कधीतरी. असे ३० आहेत. खालून सरळ वर जातात आणि मग पसरत पसरत छतच होऊन जातात, कुठे खांब संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही. छतभर खोलगट कप्पे आणि त्या कप्प्यांत रंगीत काचेच्या छोट्या चकत्या. मोराच्या पिसावरचा डोळा असतो ना, तो. सकाळचे साडेआठ वाजले होते, उजेड वरून झिरपत होता.

"काच खरी आहे की प्लॅस्टिक?" आईने विचारलं.

मला काय माहीत!

"खरी असणार. प्लॅस्टिकमधून आलेला उजेड मेणचट पडतो," असं म्हणून तिने स्वतःच निकाल देऊन टाकला. पर्स मांडीवरून बाजूला गेली होती.

सिक्युरिटी झाल्यावर तो मुलगा खुर्ची लिफ्टकडे वळवायला लागला. मला आठवलं की सरकत्या जिन्यांच्या कडेने ती मोठी भिंत वर चढत जाते, जुनी दारं-झरोके लावलेली. मी म्हटलं, "दादा, जरा तिकडून नेता येईल का? आईला दाखवायचंय." त्याने घड्याळ पाहिलं. त्याला परत जाऊन दुसऱ्या पॅसेंजरला आणायचं होतं, ते दिसतच होतं त्याच्या चेहऱ्यावर. मग वॉकीटॉकीवर काहीतरी बोलला आणि म्हणाला, "सात मिनिटं. चालेल?"

सात मिनिटं म्हणजे आईच्या हिशेबाने एक वस्तुचित्र लावून होतं.

घरी आल्यावर मी या भिंतीबद्दल वाचलं. या सगळ्याचं नाव 'जया हे', आपल्या राष्ट्रगीतातलं. राजीव सेठी यांनी ते उभं केलं. देशभरातून जमवलेल्या आणि नव्याने करून घेतलेल्या पाच हजारांहून जास्त वस्तू आणि कलाकृती, आणि सगळी भिंत एकापुढे एक मांडली तर तीन किलोमीटरच्या पुढे जाते. टर्मिनलचं उद्घाटन जानेवारी २०१४ मध्ये झालं, विमानं फेब्रुवारीत सुरू झाली. म्हणजे मी दहा वर्षं या भिंतीसमोरून मान खाली घालून बोर्डिंग पास शोधत गेलेय.

आईने खुर्ची भिंतीपासून जरा लांब घ्यायला लावली आणि डोळे किलकिले केले. हे ती वर्गातही करायला लावायची. डोळे अर्धे मिटले की बारीकसारीक नक्षी पुसली जाते आणि फक्त अंधार-उजेडाचे मोठे डाग उरतात. आधी ते बघायचे. मग डोळे उघडायचे, मग हात लावल्यासारखं एकेक बघायचं. ती एका लाकडी दारापाशी थांबली. दोन झडपा, वर कोरलेली पट्टी, कडी-कोयंडा. "ही कडी बघ," ती म्हणाली. "कडीच्या खालचं लाकूड बघ, केवढं गुळगुळीत झालंय. रोज सकाळी कुणीतरी कडी काढून इथेच तळवा टेकून ढकलत असणार. डावा हात. उजव्या हातात कळशी असेल." आणि मग थोड्या वेळाने, "चौकट आणली, झडपा आणल्या, उंबरठा काही आणला नाही. आता हे कुणाच्या घरचं राहिलं नाही."

खुर्ची ढकलणारा मुलगाही बघत होता. म्हणाला, "आजी, मी दोन वर्षं इथून येतो-जातो. मला वाटायचं या दारांच्या मागे स्टाफच्या खोल्या आहेत."

आई इतकी मोठ्याने हसली की पुढे चाललेला एक सूटवाला माणूस वळून बघायला लागला. सात मिनिटांची अकरा झाली. त्या मुलाने घड्याळाचं काही काढलं नाही, गेटपाशी सोडताना आईच्या पाया मात्र पडला. आणि आई मला म्हणाली, "काय गं, इथे बसायला जागा लागतच नाही. आपण आपली घेऊनच हिंडायचं." व्हीलचेअरवरचा राग तिथे संपला.

विमानात ती गप्प होती. मध्येच म्हणाली, "आपल्या मोराला गोट्या होत्या."

आता हा मोर सांगायलाच हवा. आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं तर उद्या कुणाचा तरी फोन यायचा. १९९४ साली गावातल्या बागेच्या कंपाउंडच्या भिंतीवर आईने शाळेच्या चाळीसेक पोरांना घेऊन एक मोर केला होता. रंगाचा नाही, तुकड्यांचा. फरशीवाल्याकडच्या फुटक्या टाइल्स, कासाराकडच्या तुटलेल्या बांगड्या, कुणाच्या घरच्या कपबश्या. दिवाळीची सगळी सुट्टी त्यात गेली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला त्या प्रकाराची लाज वाटायची, कारण माझी आई भर रस्त्यात साडी खोचून पांढऱ्या सिमेंटचं घमेलं घेऊन बसलेली असायची आणि माझे मित्र तिथून जायचे. पिसाऱ्यातले डोळे कशाचे करायचे हे अडलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोटी सोड्याची गाडी लागायची. त्या काकांनी फुटलेल्या बाटल्यांमधल्या गोट्या डब्यात साठवून ठेवल्या होत्या, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तो डबा त्यांनी आईला दिला. ६२ गोट्या. प्रत्येक डोळ्यात एक हिरवट गोटी, भोवती निळ्या बांगड्यांचं कडं. संध्याकाळी समोरून गाड्यांचे दिवे आले की मोर एक-एक करून डोळे उघडायचा.

पहिल्या वर्षभरात पोरांनी खिळ्याने उकरून हाताला येतील तेवढ्या गोट्या पळवल्या. आईला त्याचं काही वाटलं नाही. "पोरांनी नेल्या म्हणजे आवडल्या," एवढंच. मग भिंतीवर फ्लेक्स लागायला लागले, वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, श्रद्धांजलीचे. मोराच्या मानेत फ्लेक्सचे खिळे ठोकले गेले. आणि मग कधीतरी बागेचं सुशोभीकरण निघालं. अख्ख्या भिंतीला ऑइल पेंट मारला, मोरासकट, आणि त्यावर एक नळ, एक थेंब आणि 'पाणी वाचवा' काढलं. थेंबाला दोन डोळे आणि हसरं तोंड. आई पेन्शनच्या कामाला त्या रस्त्याने जायची ती पुढे मागच्या रस्त्याने जायला लागली. घरात कुणी विषय काढला नाही.

मी फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, त्यामुळे मला कुठलीही गोष्ट कोणत्या हेडखाली टाकलीय हे बघायची खोड आहे. आपल्याकडे चित्र, शिल्प, कारंजं, झाडाला गुंडाळलेली एलईडीची माळ, फायबरचा डॉल्फिन आणि 'आय लव्ह' लिहून पुढे गावाचं नाव लिहिलेली लाल अक्षरं, सगळं एकाच हेडखाली जातं. सुशोभीकरण. हा शब्दच मला खटकतो. सुशोभित काय करतात? लग्नाचा हॉल. कार्य झालं की उतरवतात. त्यात आधी तिथे काय होतं हे विचारायची सोयच नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने १९५९ साली बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी बाजूला काढायचा नियम केला. सॅन फ्रान्सिस्कोने १९६९ मध्ये दोन टक्क्यांचा केला आणि तो तिथल्या विमानतळालाही लागू आहे. त्या विमानतळावर १९८० पासून चक्क संग्रहालय चालतं. टक्का ठरला की हेड वेगळं होतं. आणि हेड वेगळं झालं की पुढच्या वर्षी कुणीतरी विचारतं, गेल्या वर्षी घेतलेली वस्तू कुठे आहे? अकाउंट्सवाल्यांचा हा एक प्रश्न जगात बऱ्याच गोष्टी वाचवतो. असो. माझं घोडं मी दामटलं.

फेब्रुवारीत आई परत आली. मुंबईचं टर्मिनल दोन ज्या आर्किटेक्ट कंपनीचं, तिचंच बंगळुरूचं नवं टर्मिनल आहे हे तिला भावाने सांगितलं होतं. तिथे छताला बांबू आहेत आणि वरून झाडं लोंबतात. "तेही छान आहे," म्हणाली. "पण तिथे मला दार सापडलं नाही." आणि मग एका शनिवारी सकाळी चहा पिता पिता, "तू बावीस वर्षं फोर्टात जातेस. तिथे काय काय आहे ते दाखव की."

मी एक घडीचं स्टूल घेतलं, साडेतीनशे रुपयांचं, ॲल्युमिनियमच्या पायांचं, कापडी बैठकीचं. दुपारच्या रिकाम्या लोकलने आम्ही निघालो.

पहिला दिवस सीएसएमटीचाच. उतरलो तिथेच थांबलो. आत तिकीट खिडक्यांच्या दालनातल्या खांबांवर आईने मान वर केली आणि मी पुन्हा ओशाळले, कारण माझा पास तिथेच तर काढला जातो. बाहेर येऊन सबवेच्या तोंडाशी स्टूल मांडलं. चार मिनिटं टिकलो. माणसांचा लोंढा असा की स्टुलासकट आई चर्चगेटला पोचली असती. तेवढ्या चार मिनिटांत तिने फाटकावरचे सिंह आणि वाघ पाहिले, ब्रिटनचा सिंह आणि आपला वाघ. "वाघ जास्त चांगला जमलाय," हा तिचा अभिप्राय. इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं चालली होती आणि कोरीवकामात जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. हे ऐकून ती एकदम वर्गशिक्षिका झाली. "म्हणजे ही सबमिशनं आहेत पोरांची!" दर्शनी भिंतीवर जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या धुरिणांचे गोल चौकटीतले चेहरे आहेत, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय हे दोन आपले. नाना शंकरशेटांचा चेहरा शोधायच्या आत एका हमालाने "बाजू" म्हटलं आणि आम्ही बाजू झालो.

पुढच्या शनिवारी फ्लोरा फाउंटन. इथे बरं आहे, भोवती मोकळी फरसबंदी आहे, कुणी ढकलत नाही. आईने स्टूल मांडलं, पाण्याची बाटली काढली, वही काढली. हे कारंजं १८६४ चं, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडातलं, आणि खरं म्हणजे ते राणीच्या बागेत बसायचं होतं. बसलं इथे. मी फोनवरून वाचून दाखवत होते की मधल्या काळात त्याला रंगाचे थर चढले होते आणि दुरुस्तीत ते काढून खालचा दगड मोकळा केला, २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा सुरू झालं. आईची पेन्सिल थांबली.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हणजे रंग काढता येतो."

"दगडावरचा येतो. तज्ज्ञ लोक असतात त्याचे, आई."

"टाइलवरचा तर जास्त सोपा. टाइलला रंग धरतच नाही," म्हणाली आणि पुन्हा चित्राकडे वळली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

उठल्यावर ती शेजारच्या हुतात्मा स्मारकापाशी गेली. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार. तिथे तिने स्टूल मागितलं नाही. चपला काढल्या आणि गुडघ्यांची कुरकुर न करता उभी राहिली. कोल्हापूरच्या माणसाचं पुतळ्यांशी नातं वेगळं असतं, ते मला तिच्यामुळे माहीत आहे. तिच्या लहानपणी फिरायला जाणं म्हणजे पुतळ्यांपाशी जाणं. शिवाजी चौकात आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता, ४२ च्या चळवळीत तो विद्रूप केला गेला आणि त्या जागी १९४५ मध्ये बाबूराव पेंटरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा आला. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर शेजारी-शेजारी आहेत. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ते १९५० च्या डिसेंबरात बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. आईचे वडील तिला सांगायचे, "ज्याचा पुतळा आहे तो माणूस पेपर वाचून सांगू शकत होता, नाक जमलंय का नाही ते." ती हे सांगते तेव्हा तिला हमखास हसू येतं.

काळ्या घोड्याला आम्ही फार वेळ दिला नाही. जुना घोडा, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सला, पुढच्या सातव्या एडवर्डला पाठीवर घेतलेला, १८७९ चा. तो १९६५ मध्ये तिथून हलला आणि भायखळ्याला गेला. नवा बिनस्वाराचा २०१७ मध्ये आला. मधली ५२ वर्षं घोडा नसलेल्या चौकाला मुंबई काळा घोडाच म्हणत राहिली, मला ही गोष्ट दोन्ही घोड्यांपेक्षा जास्त आवडते. आईने नव्या घोड्याचे पाय बघितले आणि "ठीक" म्हणाली. तिचं ठीक म्हणजे शंभरात चाळीस.

खरे रमलो ते महात्मा गांधी रोडवर, न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीसमोर. १९३६ ची इमारत, मास्टर, साठे आणि भुता या आर्किटेक्ट मंडळींची. तिच्यावरची शिल्पं ना. ग. पानसरे यांची. मी या इमारतीखालून किती वेळा गेले असेन त्याचा हिशेब करून पाहिला : वर्षाचे अडीचशे दिवस, बावीस वर्षं, दिवसातून निदान एकदा. साडेपाच हजार. आणि मला विचारलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं की तिथे कोपऱ्यावर सँडविच चांगलं मिळतं.

दाराच्या दोन्ही बाजूंनी भिंतीतूनच उभ्या राहिल्यासारख्या प्रचंड आकृती आहेत. नुसत्या देवळासारख्या नाहीत आणि साहेबी पुतळ्यांसारख्याही नाहीत. खांदे चौकोनी, घड्या सरळ रेषेत पडलेल्या, अगदी इजिप्तच्या राजांसारख्या ताठ. पण कामं आपली. शेतकरी, सूत कातणारी बाई, कुंभार. विमा कंपनीने १९३६ साली आपल्या दारात कोणाला उभं केलं तर ज्यांनी जन्मात विमा उतरवला नसेल त्यांना, हे मी आईला म्हटलं. ती ऐकतच नव्हती. ती सूत कातणाऱ्या बाईचा हात बघत होती.

"कोपर बघ. खरा हात असा वाकत नाही. पानसऱ्यांना माहीत होतं वाकत नाही ते. तरी वाकवलाय, का? कारण तू खालून बघणारेस. खालून बघताना बरोबर दिसतो." मग तिने स्टूल पुढे सरकवायला लावलं, मग मागे, मग रस्त्याच्या पलीकडे. पलीकडून बघताना मध्ये बेस्टची बस येऊन उभी राहायची. बस गेली की दोन रेषा, बस आली की थांबायचं. असं तिने ते कोपर काढलं, सहा बसमध्ये.

शेजारच्या इमारतीचे वॉचमनकाका मघापासून आमच्याकडे बघत होते. शेवटी उठून आले. मला वाटलं आता उठवतात. ते म्हणाले, "आत्ता नाही नीट दिसायचं. पावसाळा संपल्यावर या, दिवाळीच्या सुमाराला. ऊन तिरपं येतं. तेव्हा त्यांची नाकं दिसतात." अकरा वर्षं ते तिथे बसतात. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की तसं तिने कुठल्याच कलासंचालकाकडे पाहिलं नसेल. आणि त्यांच्यापाशी खुर्ची होती! त्यावर बसूनच तर नाकं दिसली होती त्यांना. मला वाटतं मुंबईत बघण्यासारखं कमी नाहीच. उभं राहायला जागा नाही, आणि बसायला तर नाहीच नाही. विमानतळावरच्या भिंतीसमोर माणूस सरकत्या पट्ट्यावरून सरकतो, इथल्या भिंतीसमोर फूटपाथवरून. फरक एवढाच की तिथे जायला तिकीट लागतं.

घरी येताना ट्रेनमध्ये आईने मला विचारलं, "घरात थिनर आहे?"

मी "कशाला?" असं विचारलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी सातला आम्ही बागेपाशी होतो. पिशवीत थिनरची बाटली, जुन्या बनियनचे बोळे, रबरी हातमोजे, पुट्टी मारायची लोखंडी पट्टी आणि स्टूल. रस्त्यावर दूधवाला आणि चालायला निघालेले दोघं-तिघं, बाकी कुणी नाही. भिंतीवर हसरा थेंब. आईने हाताने भिंत चाचपली, आंधळं माणूस चेहरा चाचपतं तशी. रंगाखाली टाइलच्या कडा हाताला लागतात. "मान इथे," ती म्हणाली. "इथून खाली पोट. पिसारा तिकडे, नळाच्या मागे." मग तिने बोळा भिजवला आणि थेंबाच्या डाव्या डोळ्यापाशी दाबून धरला. माझं सगळं लक्ष रस्त्याकडे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर नगरपालिकेची मालमत्ता विद्रूप केली म्हणून चौकीत बसायची वेळ येणार, ते पण आईसोबत.

रंग आधी नुसता मऊ झाला. मग सुरकुतला. मग तिने पट्टीचा कोपरा घातला तशी एक साल निघाली, आंब्याच्या फोडीवरून निघते तशी, पांढरी, तिच्याखाली फिकट पिवळी, तिच्याखाली आणखी एक हिरवी. सुशोभीकरण तीनदा झालं होतं, मला एकच माहीत होतं. आणि खाली निळी टाइल. रुपयाएवढी. थुंकी लावून पुसली तर चकाकली.

"ओ ताई! काय चाललंय?"

बागेचा वॉचमन. हातात काठी, तोंडात ब्रश. त्याने भिंतीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या थिनरच्या बाटलीकडे पाहिलं, मग आईकडे. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं. आईने मानही वळवली नाही.

"हे स्टूल फार बुटकं आहे बाळा," ती म्हणाली. "केबिनमध्ये खुर्ची आहे का?"

तो दोन क्षण तसाच उभा राहिला. मग तोंडातला ब्रश काढला आणि आत गेला. मला वाटलं फोन करायला गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिचा एक हात मोडलेला. त्याने ती भिंतीशी मांडली, हलवून बघितली, एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवला आणि म्हणाला, "खाली काय आहे?"